हंसाबाईच्या डाव्या हाताचं खुरपं

मला उचलायचं असेल तर आधी उजवा हात मागे घ्या, असं मी परवापरवापर्यंत सांगायचो. राग मानू नका, मला घडवलंच तसं होतं. मी हंसाबाईचं खुरपं. फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावर, घरामागच्या पडवीत, आढ्याच्या फटीत मला खोचून ठेवलेलं असतं आणि तिथूनच मी बोलतोय.

या घरात आपसात बंजाऱ्यांची गोरबोली चालते. मी बाजारात जन्मलो, मला वऱ्हाडी जास्त कळते, म्हणून घरच्यांचं बोलणं तुम्हाला वऱ्हाडीतच सांगतो. थोडं इकडचं तिकडे झालं तर लोखंडाची अक्कल म्हणून सोडून द्या.

माझा जन्म एका मोडक्या ट्रकच्या कमानपाट्यातून झाला. फुलसावंगीच्या बाजारात तेव्हा एक म्हातारा लोहार भाता घेऊन बसायचा. हंसाबाई नवी नवरी होती आणि त्याच्याकडून नेलेली सगळी खुरपी तिनं परत आणली होती. म्हातारा वैतागला. म्हणाला, खुरप्यात खोट नाही सुनबाई, तुझ्या हातात आहे. ती म्हणाली, "तेच सांगून राह्यले, बाबा," आणि तिनं डावा हात पुढे केला. "याच्यासाठी बनव."

लोहारानं आधी हात पाहिला, मग माझी मान निखाऱ्यात घातली आणि सगळ्या जगाच्या खुरप्यांपेक्षा उलट्या बाजूला वाकवली. वर बाभळीची मूठ ठोकली. त्या मुठीत हंसाबाईचं बोट न् बोट जिथल्या तिथे बसलं आणि मला वाटलं, झालं, आपलं सोनं झालं.

हंसाबाई डावखुरी आहे हे तांड्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी तिच्या आईनं डाव्या हातावर इतक्या चापट्या मारल्या होत्या की जेवणं, वाढणं, हळदीकुंकू सगळं ती उजव्यानंच करायची. डावा हात मोकळा सुटायचा तो शेतात. निंदणाला, म्हणजे पिकातलं गवत काढायला, बायका एका रांगेत बसतात आणि सगळ्या मिळून पुढे सरकतात. हंसाबाई नेहमी डावीकडचं टोक धरायची, म्हणजे तिचा हात कुणाच्या हाताला लागत नसे. त्या टोकाला बांधावर एक बाभूळ होती. तिचा नवरा फुलसिंग सगळ्यांना कौतुकानं सांगायचा की आमच्या बाईला सावली लई आवडते. ती सावली सकाळी घडीभर तिथे असायची. उरलेला दिवस बाई उन्हात भाजून निघायची, पण त्या गृहस्थाला तेवढा हिशेब कधी जमला नाही.

तसा फुलसिंग वाईट माणूस नाही. डवरा धरावा तर त्यानंच. कपाशीच्या दोन ओळींमधून बैल असे नेतो की एका झाडाचं पान हलणार नाही. पण इकडच्या रिवाजानं डवरा पुरुषांचा आणि खुरपं बायकांचं. डवरा दोन ओळींमधलं गवत काढतो, आणि झाडाच्या बुडाशी उरतं ते आम्ही काढतो. खुरपं घेऊन उकिडवा बसलेला पुरुष आमच्या तांड्यावर कुणी पाहिलेला नाही. दिसला असता तर त्याचं हसं पुढची कित्येक लग्नं पुरलं असतं.

आता खरी गोष्ट सांगतो. या हिवाळ्यात त्यांची लेक जया पुसदला दवाखान्यात बाळंत झाली, तीही दिवस भरायच्या आधीच. निरोप आला आणि हंसाबाई अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. जाताना घरामागच्या वाडीत क्षणभर थांबली. तिथे खाटेएवढ्या वाफ्यात तिनं लसूण लावला होता. बाळंतिणीला ओल्या लसणाची पात घालावी, दूध चांगलं येतं, म्हणून खास जयासाठी लावलेला. वाफ्यात हराळीचं गवत नुकतंच डोकं काढत होतं.

ती फुलसिंगला म्हणाली, "बाकी सारं वाळलं तरी चालते. लसूण मेला नाही पाह्यजे. पोरीच्या जेवणाचा हाये तो."

"तू बिनघोर जाय," फुलसिंग म्हणाला. हे वाक्य तो ज्या कामातलं काही कळत नाही त्या कामाआधी हमखास म्हणतो.

हराळीला पाणी मिळालं आणि ती लसणाच्या डोक्यावरून वाढली. फुलसिंग निंदायला बाई शोधू लागला. त्यानं शेजारच्या सोनीबाईला विचारलं, पण ते कापूस वेचणीचे दिवस. ती म्हणाली की भाऊजी, आम्हाला डोकं खाजवायला वेळ नाही. मग तो पडवीत आला आणि आमच्याकडे पाहत उभा राहिला.

आमच्या पडवीत तशी सगळीच नामांकित मंडळी. माणसं मात्र काम न पाहता जे आधी हाताला लागेल ते उचलतात आणि मग अवजाराला शिव्या देतात. फुलसिंगच्या हाताला कुदळ लागली. कुदळीचं कसं आहे, कडक जमीन फोडायला, खड्डा खणायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण तिला हळू बोलताच येत नाही. तिच्या पहिल्याच घावाला हराळी जागची हलली नाही आणि लसणाचे तीन कांदे मात्र शेजारच्या मेथीत जाऊन पडले.

मग आलं फावडं. ते माती ओढायला, पाण्याचा दांड फोडायला. त्याला गवत आणि पीक यांत भेद करणं मंजूरच नाही. त्यानं लसूण, हराळी आणि हंसाबाईनं घातलेलं शेणखत असं सगळं मिळून एका घासात उचललं. फुलसिंगनं ते घाईघाईनं परत ठेवलं आणि वरून हातानं थोपटलं.

यानंतर त्यानं डवऱ्याकडे पाहिलं. खोटं सांगत नाही, चांगला वेळ पाहिलं. बैल वाडीत कुठून आणायचे, खाटेएवढ्या वाफ्यात ते वळायचे कुठे, याचा त्यानं मनातल्या मनात अंदाज घेतला असावा, कारण एकदा तो पावलं टाकून वाफा मोजूनही आला. डवरा बिचारा लाजेनं कोपऱ्यात आणखी सरकल्यासारखा वाटला मला.

शेवटी माझी पाळी आली. फुलसिंगनं वाडीचं पऱ्हाटीच्या काड्यांचं फाटक ओढून घेतलं, कुणी पाहत नाही याची खात्री केली आणि मला हातात घेतलं. उजव्या हातात. 

डाव्या हाताचं खुरपं उजव्या हातात घेतलं की त्याची धार आभाळाकडे होते. गवत सोडून मी लसणाची पात कापली. त्यानं जोर लावला तर मी आणखी कापली. मी काय करणार, माझी मानच तिकडे. फुलसिंगनं मला डोळ्यांसमोर धरलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि त्याचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, आता याला कळलं.

त्याला वेगळंच कळलं होतं. "वाकडं हाये हे," तो स्वतःशीच म्हणाला. "बिचारीनं एवढी वर्सं वाकड्या खुरप्यानं काढली. कधी बोलली नाही."

त्याचे डोळे खरंच भरून आले. त्याच पावली तो मला पिशवीत घालून निघाला. फुलसावंगीला म्हाताऱ्या लोहाराच्या जागी आता धम्मदीपचं वेल्डिंगचं दुकान आहे. धम्मदीपनं मला पाहून विचारलं की काका, हे कोणाच्या हाताचं आहे. फुलसिंग म्हणाला, बायकोच्या, आणि तिला सांगू नको, ती आली की तिला दाखवायचं आहे. धम्मदीप एका गिऱ्हाईकाच्या फाटकाचं काम अर्धं टाकून उठला होता. त्यानं घाईत पुढे विचारलं नाही.

मी ओरडलो असतो, पण लोखंडाचं ओरडणं लोकांना ठोकण्याचाच आवाज वाटतं. माझी मान पुन्हा तापून लाल झाली आणि ज्या वळणानं मी इतकी वर्षं एका बाईच्या हाताशी नातं ठेवलं होतं, ते वळण दोन-चार घावांत उलटं झालं. खूप वाईट वाटलं. मारणारा रागानं मारत असता तर एवढं वाटलं नसतं.

लसणाचं मात्र भलं झालं. फुलसिंग रोज फाटक लावून बसू लागला. मी आता त्याच्या हातात नीट बसत होतो. टोकानं हराळीची मुळी खालून सैल करायची, डाव्या हातानं ती अख्खी ओढून काढायची, हे त्याला जमू लागलं आणि आवडूही लागलं. कधी कधी तो गुणगुणायचा. कामाच्या बाबतीत माणूस हुशार, बायकोच्या बाबतीत तेवढा उजेड पडायचा होता.

हंसाबाई जयाला आणि तिच्या मुलीला घेऊन परतली त्या दिवशी तिनं आधी दोघींना घरात बसवलं आणि पाणीही न पिता वाडीत गेली. वाफा पाहून थबकली. चार-सहा जागा रिकाम्या होत्या, पण बाकी लसूण हिरवागार उभा होता, गवताची काडी नव्हती. तिनं फुलसिंगकडे असं पाहिलं की तो नवरदेवासारखा लाजला. जाऊन त्यानं मला आणलं आणि तिच्या पुढे धरलं.

"तुह्या खुरप्याचं वाकडेपण काढून आणलं," तो म्हणाला. "आता पाह्य कसं चालते."

हंसाबाईनं मला घेतलं. डाव्या हातात घेतलं, उकिडवी बसली आणि कडेचं एक गवत काढायला गेली. तिचा हात ओळखीचा, मूठ ओळखीची, आणि मीच परका. लसणाची एक पात कापली गेली. ती पात हातात धरून तिनं माझ्या मानेकडे पाहिलं. फुलसिंग तिच्या हाताकडे पाहत होता. त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"तू डाव्या हातानं निंदतं?"

"हो."

"कवापासून?"

"जलमापासून."

फुलसिंग तिच्यासमोर येऊन बसला. "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगाचं काय त्यात? तुमी डवरा घेऊन सामोर, मी मागं. एकडाव मागं वळून पाह्यलं असतं तं दिसलं असतं जी."

ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून त्याला जास्त लागलं. मग त्यानं बारीक आवाजात विचारलं, "अन् थ्या बाभळीची सावली?"

आता मात्र हंसाबाईला हसू आवरेना. ती हसत हसत डोळे पुसायला लागली, तेही डाव्या हातानं, आणि आतून जयानं काय झालं म्हणून विचारलं तरी तिला सांगता येईना.

फुलसिंग मला परत वाकवून आणायला उठला. तिनं त्याला थांबवलं. पुन्हा तापवलं तर मान तुटेल, एवढं तिला माझ्याबद्दल ठाऊक होतं. तिनं माझ्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि मला त्याच्या हातात दिलं.

"राहू द्या. हे आता तुमच्या हाताचं झालं. आजपासून लसणाचं निंदण तुमच्याकडं. अन् फाटक उघडं ठेवून बसाचं."

ही शिक्षा त्यानं मुकाट्यानं घेतली. सोनीबाईनं फाटकातून पाहिलं, तांडाभर सांगितलं, लोक हसले आणि मग हसायला दुसरं काहीतरी मिळालं. फुलसिंग धम्मदीपकडे जाऊन हंसाबाईसाठी नवं खुरपं घेऊन आला. धम्मदीपला नीट कळावं म्हणून तो दुकानासमोर उकिडवा बसून डाव्या हातानं हवेत गवत काढून दाखवत होता म्हणे. आता त्याला सगळ्यांचे हात पाहायची खोड लागली आहे. परवा नातीनं डाव्या मुठीत त्याचं बोट धरलं, तर हा ओरडतच हंसाबाईकडे गेला.

मी सुखी आहे का, असं विचाराल तर खरं सांगतो, मला तिच्या हाताची आठवण येते. मूठ अजून तिच्या बोटांची आहे, फुलसिंगच्या जाड बोटांना ती टोचते, आणि टोचू दे. तुमच्या पडवीतही एखादं अवजार वाकडं वाटलं तर त्याला ठोकण्याआधी ते कुणाच्या हातातलं आहे ते बघून या. माझं एवढंच मागणं.

संध्याकाळी दोघं वाफ्यावर बसतात. ती डावीकडे, तो उजवीकडे. तिचं खुरपं तिच्या बाहेरच्या हातात, मी त्याच्या बाहेरच्या हातात, म्हणून कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. मधले दोन हात मोकळे असतात. ते गवत उपटतात आणि एकाच ढिगावर टाकतात, आणि गवत संपलं तरी कितीदा तरी तिथेच राहतात.