ढोल कोणी थांबवला

"पण तुला कोणी थांबवलंच नाही, तर ती बातमी कशी होईल?" संपादकांनी विचारलं.

भागोजी तिसऱ्यांदा आला होता. भाटीवलीहून उजाडताच निघायचं, तरीच्या होडीतून खाडी ओलांडायची, चार कोस कातळ तुडवायचा आणि रत्नागिरीत येऊन साप्ताहिकाच्या कचेरीत उभं राहायचं. उभंच, कारण खुर्ची एक आणि ती संपादकांची. पहिल्या खेपेला संपादक जेवायला गेले होते. दुसऱ्या खेपेला भागोजीचा कागद सापडत नव्हता. आज सापडला होता, आणि त्यावर चहाच्या कपाची गोल खूण उमटली होती.

"गेल्या शिमग्यात तुमी छापलंत, भाटीवलीत मुसलमानांनी पालखीचा ढोल बंद पाडला म्हणून," भागोजी म्हणाला. "ढोल माज्या गळ्यात होता. जैनुद्दीन नाखव्याच्या घरात त्याच सकाळी मयताची तार आलेली. मयताच्या घरापुढं आमच्या गावात ढोल वाजत नाय. घर कुणब्याचं असो का मुसलमानाचं. मी हात थांबवला, घर मागं पडल्यावर परत वाजवला. एवढंच छापा."

संपादक समजुतीच्या सुरात म्हणाले, की तू वाजवणारा माणूस. कोणी डोळे वटारले, कोणी दम दिला, ते नादात तुझ्या लक्षात आलं नसेल.

"म्हंजे माजा हात कोणी धरला ते मना कळलं नाय, नि तुमाला चार कोसांवरनं कळलं?"

आतल्या बाजूला छपाईचे खिळे जुळवणारा कोणीतरी फिस्सकन हसला. संपादकांनी चष्मा चढवला. एवढ्या महत्त्वाच्या प्रकरणात ढोलवाल्याच्या शब्दावर जाता येणार नाही, गावकराची सही आण, म्हणाले. जाता जाता हेही सांगितलं, की यंदा शहरातली मंडळी पंधरा ढोल घेऊन भाटीवलीत येणार आहेत. त्याच दारात वाजवायला. हक्क म्हणजे हक्क.

शिमग्याची पालखी निघायला नऊ दिवस होते. त्याआधी खरं छापून आलं, तर पंधरा ढोल घरी बसतील, असं भागोजीला वाटत होतं. छापलेल्या अक्षरावर त्याचा फार भरवसा. अक्षर त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मुंबईच्या गिरणीत आठ वर्षं साच्यावर कापड विणताना वाण्याच्या पुडीचे कागद सरळ करून तो एकेक अक्षर ओळखत गेला. गिरणीतल्या कापसाने छाती धरली तेव्हा गावी परतला. भातशेती, दोन बैल, बायको हौसा, आणि शिमग्यात वडिलांकडून आलेला ढोल. चाकरमान्यांच्या घरची पत्रं तोच लिहायचा. असल्या माणसाला वाटणारच, की कागदावर आलं म्हणजे विचार करूनच आलं असेल. गेल्या साली त्या साप्ताहिकाचा अंक त्याच्या हातात पडला तेव्हा हा भरवसा पहिल्यांदा हलला होता. पुरता गेला मात्र नव्हता. गेला असता तर पायपीट तरी वाचली असती.

महिपत गावकर खळ्यात सुंभ वळत बसला होता. पालखीपुढे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. भागोजीने विषय काढला तर त्याने सगळी हकीकत स्वतःच सांगितली. नाखवा पायरीवर टोपी काढून कसा बसला होता, आपण भागोजीला लांबूनच मानेने कसं खुणावलं, पालखी खांद्यावर घेणाऱ्यांनी पायसुद्धा कसे हळू टाकले. सांगताना हातातला सुंभ त्याने खाली ठेवला. भागोजीने खिशातून कागद काढला तसा तो परत उचलला.

"सही कशाला रे? खरं काय ते गावाला म्हायती हाय."

"गावाला म्हायती हाय. रत्नांग्रीला नाय."

"मग रत्नांग्रीला आपल्याशी काय काम?"

काम होतं. शहरातली मंडळी पालखीला दोन गॅसबत्त्या देणार होती. महिपतने हे सांगितलं आणि दोराला उगाचच पीळ देत राहिला. पुढे म्हणाला, कागदावर नाव गेलं की उद्या कचेरीतून बोलावणं येतं, मामलेदार विचारतो, वकील विचारतो. तुला काय, तुला ना मान ना पान. भागोजीने त्याला सरळ विचारलं, की गावकर, खोटं बोलायला तुमाला सही लागत नाय, मग खरं बोलायलाच कशी भीती वाटते? महिपत म्हणाला, ते तुला नाय कळायचं.

भागोजी तिथून निघाला तो संतापाने खाडीकडे. जैनुद्दीनची होडी वाळूवर पालथी पडली होती आणि तो फटींत कापूस ठोकत होता. निदान ह्याला तरी बरं वाटेल, अशी भागोजीची समजूत. त्याने कागद वाचून दाखवला. जैनुद्दीनने हातोडी खाली ठेवली नाही.

"नको छापूस," तो म्हणाला.

"नाखवा, तुमच्यासाठीच लिवतंय मी."

"तू माज्या दारात गप झालास, ते मना पुरलं होतं. माजा पोरगा बोटीच्या भट्टीवर आगवाला, एडनच्या पल्याड मेला, दर्यात सोडला. आता तो खरंच मेला होता का, ते मी त्या पेपरवाल्याला पटवायचं? आनि वरीस सरलं. यंदा आमचं घर मोकळं झालं. यंदा तुला दारात वाजवायचंच हाय. मी नारळ आणून ठेवलाय. मग भांडण कसलं?"

पंधरा ढोल ज्या हक्कासाठी येणार होते, तो नारळासकट तयार होता. भागोजीने डोक्यावरचं मुंडासं काढून परत बांधलं. एवढं साधं आहे, आणि ते कोणालाच कळू नये? का कळूनच घ्यायचं नाही कोणाला?

होडीच्या मागे घराचं दार. दाराआडून जैनुद्दीनची सून, त्या गेलेल्या नझीरची बायको रझिया बोलली. ती परक्या पुरुषासमोर येत नसे, पण आवाज स्वच्छ आला.

"बावाजी, लिवू द्या त्यांना. त्या पेपरात आमी दंगा करणारे म्हणून छापलंय. सगळीकडं वाचलंय लोकांनी. त्याच पेपरात एकदा येऊं दे, की त्या दिशी ह्या घरात माणूस गेलेला."

जैनुद्दीनने दोन टोले हाणले. मग म्हणाला, "लिव बाबा. तिच्या मनात हाय तर लिव."

भागोजीने रात्र म्हटली नाही, दिवस म्हटला नाही, आणि कागद नवा लिहिला. पहिलंच वाक्य लिहिलं: ढोल मीच थांबवला. पुढे तार, नझीर, गावाची रीत, यंदाचा नारळ, सगळं. गावकराची सही नव्हती, म्हणून स्वतःची सही दोनदा केली. संपादकांनी ह्या वेळी कागद लगेच ठेवून घेतला. भागोजीला बरं वाटलं. तिथेच तो फसला.

अंक आला. मथळा होता, 'भाटीवलीच्या ढोलवाल्याची कबुली'. खाली त्याचं एकच वाक्य, ढोल मीच थांबवला. त्याच्यापुढे संपादकांच्या आठ ओळी, भित्र्या माणसांमुळे धर्माचे हक्क कसे जातात यावर. तार नाही, नझीर नाही, नारळ नाही. त्याच्या दोन सह्या मात्र दोन्ही छापल्या होत्या.

त्या संध्याकाळी चव्हाट्यावर ज्यांनी मागल्या साली पालखीखाली मुक्याने पावलं टाकली होती, त्यांनीच त्याला विचारलं, की काय रे, नाखव्यानं बिर्याणी घातली का तुला? महिपत म्हणाला, यंदा ढोल शहरवाले वाजवतील, तू जरा मागं राहा. भागोजी म्हणाला, मी मागंच राहतो, पण तुमी मान हलवलीत ती कोणाची होती, तेवढं सांगा. महिपतला त्याच वेळी कोणीतरी हाक मारली असावी, तो गेला.

मग भागोजीने आपला कागद स्वतःच्या हाताने सहा वेळा उतरवला आणि भाताच्या खळीने चिकटवला: तरीच्या धक्क्यावर, चावडीच्या भिंतीला, दोन दुकानांच्या दारांवर, पारावर आणि मशिदीच्या वाटेवरच्या आंब्याला. वाचता येणारी माणसं गावात सातआठ. धक्क्यावरचा कोणी फाडला. पारावरचा आणि आंब्याचा शेळ्यांनी खाल्ला, खळीच्या वासाने. हौसा म्हणाली, शेळ्यांनी तरी सगळा वाचला, वरून खालपर्यंत. भागोजी चिडला, आणि मग त्यालाच हसू आलं. हसताना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ राहिली.

पालखीच्या दिवशी दुपारी जैनुद्दीनच्या दारापुढे पंधरा ढोल उभे राहिले. शहरातली पोरं कमरा कसून आली होती. कोणी अडवेल, मग बघून घेऊ, अशा तयारीची. दार उघडलं. जैनुद्दीन धुतलेला सदरा घालून, ताटात नारळ घेऊन पायरी उतरला.

पोरं गोंधळली. नारळ घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याशी भांडायचं कसं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सुचलं तेवढंच त्यांनी केलं. जास्त जोराने वाजवायला लागली.

पालखी दारात टेकली. आता गावकराने नारळ हातात घेऊन त्या घराचं गाऱ्हाणं घालायचं, घरातल्या माणसांची नावं घेऊन देवाकडे त्यांच्यासाठी मागायचं, आणि दर मागण्याला सगळ्या गावाने होकार द्यायचा. गाऱ्हाणं चालू असताना ढोल बंद. कोणाचंही घर असो. महिपतने नारळ घेतला. ढोल चालूच. भागोजी गर्दीच्या मागे टाचा उंचावून बघत होता. नुसता हात वर करायचा होता. मानेने खुणावलं असतं तरी पुरलं असतं. महिपतने हात वर केला नाही. तो नारळाकडे बघत ओठ हलवत राहिला. जैनुद्दीनने कानामागे पंजा धरला, जरा पुढे वाकला, मग पंजा काढून सरळ उभा राहिला. होकार कोणी दिला नाही, कारण मागणं कोणाच्या कानावरच गेलं नव्हतं. नारळ फुटला, पालखी उचलली, ढोल तिच्यापुढे धावले. पुढच्या अंकात विजय छापून येणार, हे भागोजीला तिथेच दिसलं. त्याला आता राग करायचाही कंटाळा आला होता.

अंगणात धूळ खाली बसत होती. जैनुद्दीन रिकामं ताट धरून उभा.

"महिपत काय बोलला रे?" त्याने विचारलं. "मना ऐकू नाय आलं."

भागोजीलाही ऐकू आलं नव्हतं. पण वीस वर्षं ढोल गळ्यात घेऊन तो गाऱ्हाण्याच्या वेळी गप्प उभा राहिला होता. शब्द न् शब्द त्याला पाठ होता. मान त्याचा नव्हता. त्याने मुंडासं सारखं केलं, हात जोडले आणि बोलायला लागला.

"बा देवा महाराजा, ह्या घरचा जैनुद्दीन नाखवा तुज्या पायाशी नारळ घेऊन उभा हाय. त्याच्या होडीला वारा दे, त्याच्या जाळ्याला मासळी दे. घरात रझिया हाय, तिच्या वाटेतला काटा काढ. नि ह्या घरचा नझीर दर्यात ऱ्हायलाय, त्याला जिथं हाय तिथं सुखाचा ठेव, रे महाराजा."

इथे गावाने होकार द्यायचा असतो. गाव पालखीमागे पुढच्या वाडीत पोचलं होतं.

दाराआडून एक बाईमाणूस म्हणालं, "व्हय महाराजा."