वस्ती स्थिर आहे का?

दुभाषीबाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि कारण एवढंसं, एक शब्द. स्थिर.

झालं होतं असं. लढाई थांबली तसे परदेशातून मिशनवाले आले. मोडलेला देश उभा करायचा, असं त्यांचं धोरण. वाईट काय त्यात? पण धोरण ठरलं ते दूर कुठल्याशा गार खोल्यांत. जो भाग स्थिर असेल तिथे आधी दवाखाने आणि नळ, जो नसेल तिथे आधी फौज, बाकीचं मग बघू. आता भाग स्थिर आहे की नाही हे कळायचं कसं? तर लोकांना विचारून. वा रे हुशारी! प्रश्नसुद्धा तिकडूनच भाषांतर होऊन आला: "तुमची वस्ती स्थिर आहे का?" तो घेऊन बाई दारोदार फिरल्या.

लोकांनी काय सांगावं? बॉम्ब खाऊन खिळखिळ्या झालेल्या इमारती त्या. खालून ट्रक गेला तरी वरच्या मजल्यावर भांडी नाचायची.

"स्थिर? अहो बाई, भिंतीला टेकायची चोरी आहे," शिंपी म्हणाला.

"आणि जिना बघा आमचा, नुसता झोपाळा झालाय," त्याच्या बायकोने आतून भर घातली.

गल्लीच्या गल्लीने एका सुरात सांगितलं, छे, अजिबात स्थिर नाही. मारामारी म्हणाल तर ती कधीच थांबली होती. बायका अंधार पडल्यावरही ओट्यावर गप्पा मारत बसायच्या. पण ते कुणी विचारलंच नव्हतं.

बाईंनी त्याच दिवशी मिशनच्या सल्लागाराला गाठलं. "साहेब, लोक घरांबद्दल बोलतायत. तुम्हाला दंगाधोपा विचारायचाय ना? मग प्रश्न बदला." सल्लागार गोड हसला. प्रश्न सगळ्या शहरांत एकच हवा म्हणे, नाहीतर तुलना करता येत नाही. घ्या! माणसं मेली तरी चालतील, तुलना जगली पाहिजे.

आणि आज निकाल होता. सभा मिशनच्याच कचेरीत, जुन्या बँकेत. उभ्या शहरात नळाला पाणी आणि न जाणारी वीज असलेली ही एकच जागा. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. वस्ती लोटली होती. पुढच्याच बाकावर बाईंचा धाकटा भाऊ आणि त्याची दिवस भरलेली बायको. वस्तीतल्या प्रसूतिगृहाचं छप्पर उडालेलं. दुसरं होतं ते नदीपलीकडे, फौजेच्या चौकीपल्याड. मागच्याच महिन्यात शिंप्याची सून त्या चौकीच्या रांगेतच दगावली, पोटातल्या बाळासकट. त्यामुळे भावजयीला एकच ऐकायचं होतं, आपलं प्रसूतिगृह उघडतंय की नाही.

सल्लागार उभा राहिला. "ही वस्ती अस्थिर गटात गेली आहे. प्रसूतिगृहाचा निधी दुसऱ्या शहराला दिला आहे. इथे फौजेची आणखी एक तुकडी येईल. पुढचा आढावा वर्षाने."

बाईंनी भाषांतर केलं.

शिंपी ताडकन उठला. "अहो, आम्ही भिंतींचं सांगितलं होतं हो! भिंतींचं!" त्याचा आवाज फाटला. बाईंनी तेही सांगितलं.

सल्लागाराने मान हलवली. "उत्तरं वर गेली आहेत. लोकांच्या मताचा आम्ही आदर करतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आदर! एक बाई रांगेत तडफडून मेली, आणि हा आदर करतोय! "साहेब, तुमचा शब्द चुकला, त्याची शिक्षा ह्यांना? लाज कशी वाटत नाही?"

"तुम्ही फक्त भाषांतर करा," तो म्हणाला.

तेवढ्यात भावजयीने त्यांचा पदर ओढला. चेहरा पांढराफटक. "वन्सं, पाणी जातंय हो."

"गाडी बघतो, चौकीवर हातापाया पडतो," भाऊ धडपडत उठला.

"खाली बस!" मागून सुईणमावशी कडाडली. "त्या रांगेत आणखी एक घालवायचीय का?" तिने एकवार टेबलाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावल्या.

सल्लागाराच्या लक्षात आलं. "नाही, नाही! इथे परवानगी नाही. सगळ्यांनी ताबडतोब बाहेर व्हा, नाहीतर पहारेकरी काढतील. सांगा त्यांना!"

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघायला लागले. दारावरचे दोघे पहारेकरीही, कारण ते इथलेच, साहेबाची भाषा त्यांनाही कळत नव्हती. इतक्या वर्षांत बाईंनी कुणाच्या बोलण्यातला काना-मात्रा बदलला नव्हता.

"साहेब म्हणतात," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "टेबल मोकळं करा, हिला वर घ्या. पाणी तापवा. बायका थांबा, पुरुष सगळे बाहेर. आणि पहारेकरीदादा, मलाही बाहेर न्या, म्हणतात साहेब. त्यांना रक्त बघवत नाही."

बाटल्या धडाधड खाली गेल्या. पहारेकऱ्यांनी साहेबाला अदबीने, पण घट्ट, दंडाला धरलं. "चला साहेब, बायकांचं काम आहे."

"काय सांगितलंत तुम्ही? बाई, काय सांगितलंत?" तो दारातून ओरडत राहिला.

भावजयीने बाईंचं मनगट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत. भाषांतर करायला त्यांना आता वेळ नव्हता.