मोजणी चालू असताना

"इतक्यांदा विचारत बसू नकोस, मंजुषा. तू विचारतेस तेवढा वेळ ते यंत्र नुसतं बसून राहतं," असं सुनीतीताईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मंजुषाने ते हसण्यावारी नेलं. "विचारलं नाही तर बिघडलंय हे कळणार कसं, ताई?"

सुनीतीताई गटाच्या प्रमुख. त्या "बघ बाई" म्हणाल्या आणि चहा प्यायला गेल्या.

काम असं होतं. बॅटरीत घालायच्या एका क्षाराच्या रेणूची ऊर्जा काढायची. क्वांटम यंत्र परदेशात, इंटरनेटवरून ठरावीक वेळ राखून मिळायचं. ते मोजमापं घ्यायचं. ती साल्ट लेकमधल्या मंजुषाच्या संस्थेच्या साध्या संगणकांकडे यायची. ते हिशेब करून पुढची मोजणी कशी घ्यायची ते कळवायचे. एकाने मोजायचं, दुसऱ्याने विचार करायचा. या दोघांच्या मध्ये मंजुषाने स्वतःची एक तपासणी घातली होती. क्वांटम यंत्र भारी लहरी, चालता चालता त्याचे आकडे सरकतात. म्हणून प्रत्येक लहानशा मोजणीनंतर साधे संगणक सगळं पडताळून बघायचे, आणि मगच पुढची मोजणी सुटायची. तोवर क्वांटम यंत्र रिकामं. राखीव वेळ मात्र संपत चाललेली.

तशी ती बहुतेक संपलीच. उरली ती आज दुपारची शेवटची. आज उत्तर निघालं नाही तर रेणू पुण्याच्या गटाकडे जाणार होता. मंजुषाने तो हातात घेतला तेव्हा तिची लेक ईशा पोटातसुद्धा नव्हती. तिच्या बाळंतपणाच्या रजेतही त्याला कुणी हात लावू दिला नव्हता सुनीतीताईंनी. आता मात्र त्यांचंही चालणार नव्हतं.

सकाळी ऋषभने, तिच्या शेजारच्या टेबलावरच्या पोराने, मागच्या वेळचा आलेख तिच्यासमोर धरला. निळं म्हणजे यंत्र कामात, पांढरं म्हणजे बसलेलं. सगळा कागद पांढरा.

"मंजुषादी, यंत्र आहे की दारातला दरवान? सारखं आपलं उभंच!"

"चेष्टा पुरे. तपासणी काढून टाकू म्हणतोस?"

"काढू नका. मागे ठेवा."

म्हणजे काय, ते तिला क्षणात कळलं. मोजणीच्या एका गठ्ठ्याची तपासणी साधे संगणक करत असतील तेव्हा क्वांटम यंत्राने थांबायचं नाही, पुढचा गठ्ठा मोजायला घ्यायचा. दोघंही कामात. पण मागचा गठ्ठा नासका निघाला, तर त्याच्या जिवावर घेतलेला पुढचाही फुकट. आणि ते कळेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बघायचं.

तिने सवयीने फोन उचलला. डमडमच्या फ्लॅटवर तिचा नवरा हर्षद एकटा होता. मुलीला सांभाळणारी आयामाशी गावाला गेली म्हणून त्याने बँकेतून रजा काढली होती, आणि ईशाला दिवसभर एकट्याने सांभाळायची त्याची ही पहिलीच वेळ.

"खाल्लं का तिने?" तिने विचारलं.

"झोपली होती गं! तुझा फोन वाजला आणि उठली. आता तूच ये आणि अंगाई म्हण."

मागून ईशाचं भोकाड ऐकू आलं. मंजुषाने फोन ठेवला, प्रोग्रॅम उघडला आणि तपासणीच्या ओळी उचलून मोजणीच्या मागे नेऊन ठेवल्या.

दुपारी वेळ सुरू झाली. पहिला गठ्ठा सुटला, त्याच्या पाठोपाठ दुसरा. पडद्यावर निळी पट्टी सलग सरकायला लागली. इतकी सलग निळी पट्टी तिने कधी पाहिलीच नव्हती. मग पहिल्याची तपासणी आली: ठीक. दुसऱ्याची: ठीक. तिसऱ्याचे आकडे सरकलेले निघाले, आणि चौथा तर केव्हाच मोजून झाला होता.

"गेले दोन्ही," ती म्हणाली. "आधीच विचारलं असतं तर एकच गेला असता."

"आधीच विचारलं असतं तर अजून तुमचा दुसराच चालू असता," ऋषभ म्हणाला.

सुनीतीताई मागे येऊन उभ्या होत्या. मंजुषाने यंत्राची जुळणी पुन्हा करून घेतली, नासके दोन टाकून दिले आणि पुढचे सोडले. ऊर्जेचा आकडा उतरत उतरत आला आणि एका जागी ठरला. पुढच्या गठ्ठ्यातही तिथेच.

"हा आकडा धर," सुनीतीताई म्हणाल्या. "शेवटचा गठ्ठाही इथेच आला, तर पुणेकरांना मीच कळवते. पण वेळ संपेपर्यंत खुर्ची सोडू नकोस. पुन्हा सरकलं तर जुळणी तुलाच करावी लागेल."

मंजुषा अजून त्या खुर्चीतच आहे. निळी पट्टी सरकते आहे, तिकडे तिची तक्रार नाही. पण हर्षदने तीन फोन उचललेले नाहीत. कदाचित फोन बंद करून दोघं झोपली असतील. शहाणपण त्यातच आहे, हे तिलाही पटतं. तरी, आपल्या मराठी मंडळाच्या या अंकाचे बरेच वाचक डमडमकडचेच आहेत. मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत, मिठाईच्या दुकानावर, दुसरा मजला. कुणी जवळपास असाल तर जरा डोकावून याल का? बेल वाजवू नका, दाराला कान लावा फक्त. ईशा धड असेल, ती रडून आपलं करून घेते. बघायचं ते हर्षदला.