बाजूने बोलणारा एक तरी

बडे फुटबॉल क्लब जुनी लीग सोडून वेगळी चूल मांडणार, ही बातमी सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत स्टेडियमच्या फाटकासमोर मुंगी शिरायला जागा उरली नाही. नव्या लीगमध्ये कितीही हरलं तरी कुणी खालच्या गटात जाणार नव्हतं. मग खेळायचं कशाला, असं लोक विचारत होते, आणि त्यांचं काय चुकलं?

त्या गर्दीत वार्ताहर पोरगी माईक घेऊन घामाघूम झाली होती. तिच्या चॅनेलचा मालकच नव्या लीगचा भागीदार. त्यामुळे संपादकाचा कानातल्या बटणातून एकच जप चालू होता. "बाजूने बोलणारा एक तरी दे. जाहिराती संपल्या की तुझ्यावर येतोय. नाही मिळाला तर उद्या येऊ नकोस."

ही पोकळ धमकी नव्हती. तिच्या आधीच्याला त्यानं असंच घरी बसवलं होतं.

ज्याला विचारावं तो अंगावर येई. "ताई, जरा तरी लाज?" एकजण म्हणाला, आणि तिला लाज वाटतच होती.

सगळ्यांत पुढे तिचे बाबा होते. अख्खं स्टेडियम त्यांना 'भोंगा' म्हणे. घोषणा त्यांनी द्यायची, बाकीच्यांनी री ओढायची. लेकीचा उतरलेला चेहरा बघून ते जवळ आले.

"कुणी मिळेना?"

"नाही हो बाबा. गेली माझी नोकरी."

"धर माईक. मी बोलतो."

"तुम्ही? काहीतरीच काय!"

तेवढ्यात कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

"नवी लीग चांगली आहे," बाबा म्हणाले. "मोठे सामने बघायला मिळतील." एवढं बोलताना त्यांची मान खाली गेली होती.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "भोंगा विकला गेला रे!" शेजारच्यानं, रोजच्या सोबत्यानं, त्यांच्या गळ्यातला क्लबचा मफलर हिसकावला. बाबांनी तो घेऊ दिला.

"शाबास!" कानात संपादक. "अजून बोलू दे त्यांना!"

तिनं माईक स्वतःकडे वळवला.

"हे माझे वडील आहेत. माझी नोकरी वाचावी म्हणून खोटं बोलले. नव्या लीगच्या बाजूने बोलणारं इथे मला कुणीही भेटलेलं नाही."

कानातला आवाज बंद झाला. लाल दिवाही विझला.

"काय करून बसलीस हे!" बाबांनी कपाळावर हात मारला. "मी झालो असतो ना वाईट. मला चाललं असतं."

"मला नसतं चाललं," ती म्हणाली.