सवलतीचे देव

कपिलने खुर्ची पुढे ओढली, पण तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, तेव्हाच सुभाष सरांनी ओळखलं, की हा माणूस भांडायला आलेला नाही. भांडायला आलेले पालक आधी बसतात आणि चहाची वाट बघतात.

"सिस्टर, आमच्या प्रतीक्षाला दुसरं काय बी काम द्या," तो म्हणाला. "झाडांना पाणी घालंल, बाकडी उचलंल. संडास तेवढं नको."

जुलैपासून शाळेत नियम होता. मुलांनी आठवडे वाटून घ्यायचे आणि शाळेचे संडास धुवायचे. मुख्याध्यापिका सिस्टर रेजिना वसईच्या. चर्चची सामाजिक शिकवण भिंतीवर रंगवून तिच्याखाली फोटो काढणं त्यांना आवडत नसे. श्रमाला प्रतिष्ठा आहे म्हणता, तर ब्रश घ्या. पहिल्या दिवशी बाह्या दुमडून त्यांनी स्वतः घेतला होता. देखरेख सुभाष सरांकडे आली. सर म्हणजे कोण कुणाला आधी रामराम घालतो एवढ्यावरून दोन्ही घरांचा इतिहास सांगणारे. नियम ऐकून ते एवढंच म्हणाले होते, "बघू."

"काम कुणाला लहान करत नाही, कपिलभाऊ," सिस्टर म्हणाल्या. "मीही करते."

"तुमी केलं की लोक तुमच्या पाया पडत्यात. आमी केलं की म्हणत्यात, आले जागेवर." कपिलचा आवाज चढला नाही. जुन्नरच्या बाजारात तो जळलेल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचा, आणि बोलणंही तारेसारखं सावकाश गुंडाळायचा. "माझी आजी जानकाबाई आपल्या अध्यक्ष धर्माजींच्या वडलांचं अंगण झाडायची. शिळ्या भाकरीवर. छप्पनला दीक्षा घेतली आन् तिनं झाडू त्यांच्याच दारात टाकला. गावानं दळण बंद केलं, पाणी बंद केलं. तरी तिनं तो उचलला न्हाई. आमच्या घरात ती आण हाय. दुसऱ्याची घाण काढायची न्हाई."

सिस्टरांनी मनापासून विचारलं, "हे तुमच्या धर्मात सांगितलंय का? धर्माचं कारण असेल, तर मी कुणालाही आग्रह करणार नाही. तसं मी ठरवलंय."

कपिल खोटं बोलला असता, तर गोष्ट तिथंच मिटली असती.

"धर्मात न्हाई," तो म्हणाला. "घरात हाय."

"मग मी काय करू? एकाला सोडलं तर नियम सारखा राहत नाही."

"सारखाच पाहिजे!" दारातून आवाज आला. पालक संघाचे अध्यक्ष धर्माजी आत आले. "लई चांगला नियम, सिस्टर. आमच्या श्रेयालाबी सोडू नका."

सुभाष सर सावध झाले. धर्माजींनी कशाला चांगलं म्हणावं आणि त्यात धर्माजींचा वाटा नसावा, असं तालुक्यात आजवर घडलं नव्हतं.

प्रतीक्षाने आपला आठवडा केला. शाळा तिला सोडायची नव्हती, तिनेच बापाला समजावलं. श्रेयानेही केला, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी श्रावण लागला.

श्रेयाने सोळा सोमवार धरले होते. धर्माजी स्वतः सांगायला आले, हात जोडून. व्रतात विटाळ चालत नाही. सिस्टरांनी लगेच मान डोलावली. दुसऱ्याच्या देवाचा मान राखायचा हेही त्यांना शिकवलेलं होतं. मग कुणाच्या घरी गौरी आल्या, कुणाकडे पितर जेवायला बसले, कुणाकडे घट. शाळेच्या पटावर एवढे देव आहेत, हे सरांना पहिल्यांदाच कळलं. दसरा झाला तरी त्यातला एकही परत गेला नाही. खंडोबा राहिला, मुक्ताई राहिली, एकाच्या आजीच्या अंगात येणारी आई तर दर आठवड्याला नव्याने येऊ लागली.

सर रात्री जेवताना हे सगळं घरी रंगवून सांगत. एकदा त्यांची बायको प्रतिभा हसता हसता थांबली.

"पुढचा आठवडा आपल्या वैष्णवीचा ना?"

"हो."

"मग? आपल्याच देवाला काय झालंय?"

सर हसले. सकाळी ते सिस्टरांच्या टेबलापुढे उभे राहिले.

"सिस्टर, आमच्या घरी यंदा..."

"समजलं, सर." सिस्टरांनी हात वर केला. त्यांना वाक्य पुरं करावं लागलं नाही. जिना उतरताना सरांना वाटलं, काहीतरी जड वस्तू फार सहज जागेवरून सरकली.

दिवाळीनंतर ब्रश घ्यायला पाचच मुलं उरली. सर पाचही घरं ओळखत होते. ओळखायला काय, एकाच वस्तीतली एका रांगेतली घरं. प्रार्थनेच्या वेळी सिस्टरांनी पाचांना पुढे बोलावलं. "ही मुलं कुरकुर करत नाहीत. सेवा अशी असते." त्यांचे डोळे भरून आले होते. सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या, श्रेयाने सगळ्यात मोठ्याने. प्रतीक्षा आपल्या बुटांकडे बघत होती.

त्याच दुपारी संडासाच्या दाराशी सर कडी लावत होते. प्रतीक्षा हात धूत होती. धर्माजी श्रेयाला न्यायला आले होते, ते वाट वाकडी करून इकडे आले.

"काय सर, तुमच्याबी घरी देव आला म्हनं!"

सरांनी कडीवरचा हात काढला.

धर्माजी वाकून आत डोकावले. फरशी पांढरी स्वच्छ होती. "व्वा. हात चांगला बसलाय पोरीचा." त्यांनी प्रतीक्षाच्या डोक्यावर मायेने हात ठेवला. "जानकाबाईची पणती ना गं तू? शनवारी ये आमच्याकडं. कार्य हाय, पावणं लई येणार. तुझ्या जोडीच्या पोरांनाबी आण. जेवनखान आमच्याकडंच."

प्रतीक्षाने नळ बंद केला. तिने धर्माजींकडे नाही, सरांकडे बघितलं. सर काहीतरी म्हणतील, म्हणून ती थांबली. मग तिनेच विचारलं,

"सर, तिथं पण सगळ्यांचा नंबर लागतो का?"

धर्माजी खदखदून हसले. त्यांनी सरांच्या खांद्यावर थाप मारली, आणि सरांच्या लक्षात आलं, की आपणही हसतो आहोत.