पुढचा खांदा

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात हिरामण आपल्या जीपमधली एकेक वस्तू काढून ओटीवर मांडत होता. पेट्रोलचा लष्करी डबा, आखूड दांड्याचे फावडे, काथ्याचा जाड दोर, लोखंडी साखळी. सगळ्यांत शेवटी त्याने पोफळीचे खोड चिरून केलेल्या दोन लांब फळ्या सोडवल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. त्या फळ्यांवरची वाळू त्याने हाताने पुसली. घरातून कमळ, त्याची बायको, हे सारे पाहत होती. तिने एवढेच विचारले की फळ्या तरी राहू द्यायच्या नव्हत्या का. हिरामण म्हणाला की आबांनी, त्याच्या वडिलांनी, नको म्हटले आहे, आणि तो विषय तिथेच थांबला.

ही जीप त्याने देवळालीला लष्कराच्या लिलावात घेतली होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याने असल्याच जीपा चालवल्या होत्या आणि चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढण्याची विद्या तो तिथून शिकून आला होता. स्वातंत्र्याला दहा वर्षे होत आली तरी नांदवलीहून श्रीवर्धनकडे जायला धड रस्ता नव्हता. होती ती डोंगरातली पायवाट आणि खाली समुद्राची पुळण. ओहोटीला पाणी मागे हटले की ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट होते, तिच्यावरून हिरामण जीप नेत असे. टायरमधली हवा कमी करायची, पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा, आणि मऊ वाळू लागलीच तर फळ्या चाकांखाली सरकवायच्या. सुपारीची पोती, माहेरी निघालेल्या बाया, क्वचित आजारी माणूस, असे काय काय त्या जीपने वाहिले होते. फळ्या असल्या की तो निश्चिंत असे. शिमगा झाल्यावर बांधकाम खात्याचे ओव्हरसियर जीप पाहायला येणार होते. किनाऱ्याच्या रस्त्याची पाहणी निघाली होती आणि त्या कामासाठी जीप पावसाळ्यापर्यंत भाड्याने ठेवायचे जवळजवळ ठरले होते. हिरामणच्या सगळ्या आशा त्या एका कामावर होत्या.

पण त्याआधी पालखी होती. नांदवलीची काळकाई दरवर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या बहिणीला, सावरीच्या वाघजाईला, भेटायला जाते. सहाणेवरून, म्हणजे पालखीच्या दगडी चौथऱ्यावरून, उचललेली पालखी बहिणीच्या सहाणेवर टेकेपर्यंत मध्ये कुठेही टेकवायची नाही, माणसाच्या खांद्यावरच राहायची, असा पहिल्यापासूनचा रिवाज. पुढच्या खांद्याचा मान हिरामणच्या घराण्याचा आणि मागचा गुणाजीच्या. मानकरी घरातला वडील पुरुष पालखीबरोबर सावरीच्या शिवेपर्यंत गेला पाहिजे. तो घरी राहिला तर पुढचा खांदा मागच्या घराकडे जातो, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही.

हिरामणचे वडील भागोजी यांचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून धरले होते. घरातून अंगणात यायलाही त्यांना काठी लागे. डोलीत बसा, असे कुणी सुचवले तेव्हा ते म्हणाले, "देवी पालखीत आनि मी बी पालखीत? मग चालायचं कोनी?" त्यानंतर ते कुणाशी बोलेनासे झाले. शिमगा जवळ येईल तसे त्यांचे जेवणही कमी होत गेले. ते पाहून हिरामणने जीपचा तोडगा काढला.

त्याने जीपच्या मागच्या भागात ऐनाच्या लाकडाचे खुंट उभे केले आणि त्यांच्यामध्ये काथ्याच्या दुपदरी झोळ्या बांधल्या. पालखीचा दांडा त्या झोळ्यांत झुलत राहील, गाडीच्या लोखंडाला कुठे शिवणार नाही. पुढच्या झोळीजवळ त्याने वडिलांसाठी बैठक केली. त्यासाठी त्यांना पाटावर बसवून जमिनीपासून खांद्याची उंची दोरीने मापली, आणि बैठक अशी तासली की ते बसले की खांदा आपोआप दांड्याखाली येईल. माप घेताना भागोजी ताठ बसून राहिले होते. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेले हिरामणने पाहिले.

गावात यावर बरीच चर्चा झाली. शेवटी दिनानाथ गुरवाने देवीला कौल लावला आणि उजवी कळी पडली, म्हणजे देवीचा होकार आला. गुणाजीने एवढेच विचारले की कौल गाडीला मिळाला की भागोजीकाकाला. लोक हसले आणि परवानगी मिळाली. फळ्या बरोबर न्यायचे मात्र भागोजींनीच मोडून काढले. ज्या फळ्यांवर माणसांचे पाय पडतात, चिखलाची चाके चढतात, त्या देवीच्या शेजारी ठेवायच्या नाहीत, असे ते म्हणाले, आणि हिरामणला वाद घालवला नाही. फळ्यांच्या जागी घरोघरच्या नारळांच्या आणि तांदळाच्या गोणी आल्या. पालखी खांद्यावरून जायची तेव्हा ओटीचा एखादा नारळ पुरत असे. आता गाडी आहे म्हटल्यावर प्रत्येक घराने हात मोकळा सोडला.

त्या दिवशी सकाळी निघायला उशीर झाला. बायांनी जीपची ओटी भरली, बंपरवर नारळ फोडला, गुरवाने देवीला गाऱ्हाणे घातले, मग राहिलेल्या दोन घरांनी आपले वेगळे गाऱ्हाणे घालायला लावले. ओहोटीने तळ गाठला होता आणि समुद्र परत फिरायच्या बेतात होता. हिरामण स्टिअरिंगवर हात ठेवून पाण्याकडे पाहत होता. पौर्णिमेचे उधाण कसे चढते हे त्याला माहीत होते, पण देवीच्या पुढ्यात घाई करा असे त्याच्याने म्हणवले नाही. पालखी गाडीतून जाणार म्हणून बाकीची मंडळी ढोलताशे घेऊन केव्हाच डोंगरवाटेने सावरीकडे निघून गेली होती. जीपमध्ये हिरामणखेरीज चौघेच बसले: दांड्याखाली खांदा देऊन भागोजी, मागे गुणाजी, गोणींवर दिनानाथ गुरव आणि पालखी सावरायला धर्मा नावाचा शेजारचा गडी.

अर्धी पुळण छान गेली. भागोजी एका हाताने दांडा धरून समोर पाहत होते. धर्माने विचारले, काका, खांदा दुखतो का, तेव्हा ते म्हणाले की दुखला तर बरेच, म्हणजे तो आपला आहे असे वाटेल.

वहाळ समुद्राला मिळतो तिथे हिरामणने नेहमीसारखी गाडी पाण्याच्या बाजूला घेतली. एरवी तिथली वाळू घट्ट असे. पण भरती लागली होती, वाळूखाली पाणी शिरू लागले होते, आणि गाडीवर एरवीपेक्षा कितीतरी जास्त ओझे होते. मागची चाके एकदा फिरली आणि बसली. हिरामणने पुढच्या चाकांना जोर दिला. जीप थोडी हलली आणि आणखी खोल गेली. त्याने इंजिन चालू ठेवूनच खाली उडी टाकली. हात आपोआप बाजूच्या पट्ट्याकडे गेला, जिथे फळ्या असत. तिथे गोणी होत्या.

ते कामाला लागले. गोणी वरच्या कोरड्या वाळूवर नेल्या. झोळ्यांतून दांडा सोडवला आणि पालखी खांद्यांवर घेतली, पुढे गुणाजी आणि मागे धर्मा. आपल्या खांद्याच्या जागी गुणाजीचा खांदा आलेला भागोजींनी पाहिला आणि ते काठी टेकत बाजूला झाले. दोन गोणी रिकाम्या करून त्यांच्या गोणपाटांच्या घड्या हिरामणने चाकांखाली दाबल्या, गुरवाला मागून रेटायला सांगितले. गोणपाट चाकांनी ओढून फाडून टाकले. एकट्या गुरवाच्या बळाने गाडी हलणारी नव्हती. लाटेचे पहिले पातळ पाणी टायरपर्यंत येऊन गेले.

आणखी दोन माणसांनी रेटले तर गाडी निघेल, हे हिरामणला स्पष्ट दिसत होते. ती दोन माणसे समोरच उभी होती आणि त्यांच्या खांद्यावर देवी होती.

भागोजींना ते सांगावे लागले नाही. ते पुढे आले, काठी टाकली आणि गुणाजीला बाजूला व्हायला सांगून स्वतः दांड्याखाली शिरले. मागे गुरवाने खांदा दिला. क्षणभर वाटले की जमेल. मग भागोजींचा उजवा गुडघा वाकला, पालखी पुढे झुकली, देवीच्या गळ्यातले अबोलीचे गजरे एका बाजूला लोंबले. गुणाजीने झेप घेऊन दांडा आपल्या खांद्यावर घेतला, धर्मा मागे धावला. देवी सावरली. भागोजी ओल्या वाळूत बसले होते.

"गोणींवर टेकवली तर?" धर्माने हळूच विचारले.

दिनानाथ गुरव म्हणाला, "कौल गाडीतल्या झोळीचा घेतलाय. गोणीचा न्हाय घेतला."

पुन्हा पाणी आले आणि या वेळी चाकांना वळसा घालून गेले. भागोजींनी मान वर केली. त्यांचा आवाज अगदी साधा होता, घरातली एखादी वस्तू कुठे ठेवायची ते सांगावे तसा.

"खाली ठेवा. वाळूवर ठेवा, आनि गाडी काढा. पोराचं पोट हाय त्यावर. काय व्हायचं ते माझ्या माथ्यावर."

हिरामण वडिलांकडे पाहतच राहिला. पाय पडलेल्या फळ्यासुद्धा देवीशेजारी नकोत म्हणणारा हा माणूस. गुणाजीने खांदा बदलला आणि हिरामणकडे पाहिले.

"मानकऱ्यानं सांगितलं तर मी ठेवीन," तो म्हणाला. "पन काका दमलाय. उद्या लोक त्यालाच इचारतील, मला न्हाय. हिरू, तू सांग. तू सांगशील तसं."

इंजिन चालूच होते. हिरामणने बॉनेटवर हात ठेवला. ते गरम आणि थरथरते होते. हीच थरथर ऐकवून ओव्हरसियरला जीप दाखवायची होती. शब्द तोंडात होता, एकच शब्द, आणि तो उच्चारला असता तर दुपारपर्यंत सगळे नीट झाले असते. पण येणाऱ्या प्रत्येक शिमग्याला सहाणेवर काय बोलले जाईल ते त्याला ऐकू येत होते. देवी वाळूला टेकली ती भागोजीच्या वेळी. एवढ्याचसाठी का त्याने दोरीने ते खांद्याचे माप घेतले होते? त्याने हात लांबवून इंजिन बंद केले. एकदम समुद्राचा आवाज मोठा झाला.

तो गुणाजीजवळ गेला आणि पुढचा दांडा आपल्या खांद्यावर घेतला. गुणाजी मोकळा झाला. त्याने जीपकडे पाहिले, चढणाऱ्या पाण्याकडे पाहिले, एकट्याने रेटून काही होणार नाही हे त्यालाही कळत होते. मग तो भागोजींसमोर पाठ करून खाली बसला.

"चल, काका. बस."

भागोजींनी मान फिरवली. तुझ्या पाठीवर नाही, असे ते पुटपुटले.

"मग बस हितंच," गुणाजी म्हणाला. "म्हंजी मान माझ्या घराकडं आला. मला काय, मी तर वाटच बघतोय."

भागोजींनी दोन्ही हात गुणाजीच्या गळ्यात टाकले. गुणाजी उठताना कण्हला आणि म्हणाला की म्हाताऱ्याने उपास केले ते एक बरे झाले.

सावरीपर्यंतची वाट लांब होती. पुढे हिरामण, मागे धर्मा, मध्ये झुलणारी काळकाई, बाजूने घंटा वाजवत गुरव, आणि सगळ्यांच्या मागे आपल्या प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेतलेला गुणाजी. गोणी तिथेच वाळूवर राहिल्या. हिरामणचा खांदा दुखत होता. कितीतरी वर्षांत त्याने पालखी वाहिली नव्हती. स्टिअरिंग धरणाऱ्या हातांना हे ओझे परके वाटत होते. एकदा त्याला मागून काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला. लाट असेल, किंवा कॅनव्हासचा टप असेल. तो थांबला नाही. मागून भागोजी एकदाच बोलले. त्यांनी विचारले की जीपचा दिवा बंद केला होता का. दिवा लावलाच नव्हता, असे हिरामणने सांगितले.

सावरीच्या शिवेवर ढोल वाजत होते. वाटेने आधी पोहोचलेली मंडळी पुळणीकडे डोळे लावून उभी होती, आणि पालखी चालत येताना पाहून त्यांच्यात कुजबुज झाली. शिवेच्या दगडाशी गुणाजीने भागोजींना खाली उतरवले आणि ते पडू नयेत म्हणून दंड धरून ठेवला. भागोजींनी हात लांबवून दांड्यावर टेकवला, मुलाच्या खांद्याच्या अगदी शेजारी. मान कुठे आहे ते सगळ्यांना दिसत होते.

सावरीचा पाटील पुढे येऊन म्हणाला, "देवी जीपनं यायची असं कळलं होतं. मग?"

हिरामणने दांडा खांद्यावर नीट घेतला. उत्तर गुणाजीने दिले, आपल्या खांद्यावरचा घाम पुसत.

"जीप मागून येतेय," तो म्हणाला. "भरतीबरोबर."

दोघे-तिघे हसले. हिरामणला मागे वळून पाहायचे होते. ऐनाचे खुंट अजून पाण्यावर दिसत आहेत का, एवढेच पाहायचे होते. पण दांडा मानेला घट्ट बसला होता आणि सहाण अजून पुढे होती. ढोल पुन्हा सुरू झाले आणि तो पाऊल टाकू लागला.