मागच्या दाराची कडी

बारा माणसे वर्तुळात बसतात आणि तेरावी खुर्ची माझी असते. नेमणूकपत्रात माझे पद ‘सुधार-कार्यक्रम अधिकारी’ असे आहे. तुरुंगात मला शाळामास्तर म्हणतात. कैद्यांचे सोळा आठवड्यांचे वर्ग घ्यायचे, रागाला आवर कसा घालावा ते शिकवायचे, आणि ज्याची सुटकेची पाळी जवळ आली असेल त्याच्याविषयी मंडळाला अहवाल पाठवायचा, हे माझे काम. त्या अहवालाच्या शेवटच्या ओळीवर माणूस बाहेर पडतो किंवा आणखी दोन वर्षे आत राहतो.

त्या मंगळवारी वर्ग संपताना मी नेहमीप्रमाणे विचारले, “कोणाला काही विचारायचंय?” माझ्या समोरच्या खुर्चीतून मुका बोलला. मुका हे त्याचे आतले नाव. चौदा आठवड्यांत हजेरीपलीकडे त्याने एक शब्द उच्चारला नव्हता. सहा वर्षांपूर्वी घरफोडी करताना त्याने घरातल्या म्हाताऱ्याला ढकलले होते, आणि तो म्हातारा जन्माचा अधू झाला होता.

“साहेब, मागच्या दाराची कडी बसवलीत का?”

वर्ग खदखदून हसला. सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा, म्हणून ज्याला वकील म्हणत, तो ओरडला, “मुक्याला वाचा फुटली! साहेब, ह्याला आजच सोडा, नाहीतर उद्या भाषण ठोकेल!”

मीही हसलो. पण हसता हसताच हजेरीपट उचलून दाराकडे वळलो.

घराविषयी आत अवाक्षर काढायचे नाही, हा आमचा पहिला नियम. मी तो मोडला होता, आणि नाइलाजाने नव्हे, हौसेने. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे ऐकून माणसे पेंगत. घरच्या गोष्टी सांगू लागलो तशी ती पुढे सरकून ऐकू लागली. गोष्ट रंगवून सांगता येते, याचा मला गर्व होता. आता फाटकापर्यंतच्या दोनशे पावलांत मी काय काय रंगवले होते ते एकेक करून आठवू लागलो. तिसऱ्या आठवड्यात कडी: मागच्या दाराचा कोयंडा ढिला आहे, बायको दुरुस्तीसाठी मागे लागते, मी चिडतो. पाचव्यात मुलगी: साडेचारला शाळेतून एकटी येते, किल्ली हरवते, म्हणून मागच्या दाराने शिरते. आठव्यात शेजारचे आजोबा: ठार बहिरे, त्यांच्या रेडिओवरून आमची भांडणे. अकराव्यात गुरुवार: मला बैठकीमुळे उशीर होतो, बायकोचीही कामाची पाळी असते. चार निरुपद्रवी गोष्टी. शेजारी शेजारी मांडल्या की घरात शिरण्याचा नकाशा. आणि तो ज्याच्या हाती मी दिला होता, त्याचा धंदाच घरफोडीचा होता. त्याचा अहवाल मला शुक्रवारी द्यायचा होता.

घरी पोचताच मी थेट मागच्या दाराकडे गेलो. कोयंड्याचा वरचा स्क्रू बोटाने सहज निघून हातात आला.

“तीन महिने मी घसा कोरडा करतेय,” बायको मागून म्हणाली, “आणि आज आपल्याला साक्षात्कार झाला?”

“उद्यापासून तिला शाळेतून परस्पर मावशीकडे जाऊ दे.”

“का? काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही झालेला माणूस दाराला खुर्ची लावून वर स्वतः बसत नाही.”

मी तिला सांगितले नाही. भीती वाटत होती ती मुक्याची, हे खरे. पण तिच्यासमोर ‘मीच सांगितले’ हे दोन शब्द उच्चारण्याचीही वाटत होती.

बुधवारी अहवाल लिहायला बसलो. मुक्याची हजेरी पूर्ण, वर्तन निर्दोष, सहा वर्षांत एक तक्रार नाही. कागद सुटकेच्या बाजूचा होता. पण शिफारस केली तर त्याला खूश ठेवण्यासाठी केली असे होईल, आणि नाकारली तर तो दोन वर्षे भिंतीआड राहावा म्हणून. दोन्हीकडे लेखणी धरणारी भीतीच. प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवावे, तर सुनावणी सहा महिने पुढे जाणार. म्हणजे चूक माझी आणि कैद त्याला. मी स्वतःशी दुपारभर वाद घातला आणि प्रत्येक बाजूने हरलो.

गुरुवारी सकाळी मी त्याला मुलाखतीच्या खोलीत बोलावले. काचेपलीकडे पहारेकरी होता. तरीही मी दाराजवळची खुर्ची घेतली. मुक्याने ते पाहिले.

“परवा ते का विचारलंस?”

“मी फोडलं त्या घराचं मागचं दार अस्संच होतं. कोयंडा हलत होता. घट्ट असता तर पुढं गेलो असतो.”

“दुसऱ्याच्या घराकडे?”

“हो.” त्याने ते लपवले नाही. “तुम्हीच म्हणता ना, समोरच्याच्या जागी उभं राहून बघा. मी बघितलं. तुमच्या पोरीच्या जागी. साडेचारला ती आत येते, आणि मागं कुणीतरी दार ढकलतं. झोप लागंना, साहेब. म्हणून विचारलं.”

“मला वाटलं, तू धमकी देतोयस.”

“माझ्या तोंडून काहीही धमकीच वाटणार,” तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. मग त्याने मान वर केली. “बसवली का मग?”

त्याचे डोळे मी पाहिले. चोवीस वर्षे मी माणसांचे डोळे पाहून गुण देत आलो आहे. त्या क्षणी मला काहीही वाचता आले नाही.

शुक्रवारी मी अहवाल लिहिला. शिकवताना मी घराची माहिती उघड केली, हे तारीखवार नोंदवले. मुक्याचा प्रश्न आणि त्याचे उत्तर शब्दशः उतरवले. ‘मूल्यमापकावर दबाव वा धमकी’ या रकान्यात लिहिले: “धमकी नाही. भीती आहे. ती माझ्या चुकीतून आली आहे. कैद्याच्या गुणांतून ती वजा करू नये.” खाली शिफारस केली आणि सही केली.

अधीक्षकांनी मला बोलावून घेतले. “स्वतःच्या हाताने स्वतःवर ठपका लिहिणारा तुम्ही पहिलेच,” ते म्हणाले, आणि ठपका ठेवला. त्या संध्याकाळी मी बायकोलाही सारे सांगितले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही; तिसऱ्या दिवशी सुताराला घेऊन आली.

पाच आठवड्यांनी, एका गुरुवारी, मुका सुटला. सकाळी अकराला तो फाटकाबाहेर पडला. मी बैठक टाळून दुपारीच घरी आलो होतो. नवी कडी जाड होती, चार लांब स्क्रूंनी बसवलेली. शेजारचा रेडिओ भिंतीतून गडगडत होता. मुलगी शाळेतून परस्पर वाटेवरच्या मावशीकडे जाणार होती.

साडेचारला मागचे दार कोणीतरी ढकलले.

कडी हलली नाही. मी तिच्यावर तळहात दाबून उभा होतो. दार पुन्हा ढकलले गेले, या वेळी खांद्याने.

“कोण?” मी विचारले.

“बाबा? मावशीकडे कुलूप होतं, म्हणून आले. किल्ली सापडेना. दार का लावलंय?”

ती माझी मुलगी होती. मला ते पहिल्या शब्दाला कळले. तरीही मी विचारले, “एकटीच आहेस?”

“बाबा, असं काय विचारताय? मला भीती वाटतेय.”

मी कडी काढली. दार उघडताना मी आधी तिच्या खांद्यावरून मागच्या बोळाकडे पाहिले, आणि मग तिच्याकडे. ती रडवेली होऊन माझ्याकडे पाहत होती. बोळात कोणी नव्हते.